वीस मिनिटांचा हिशेब : ‘लोला रेन्ट’मधला वेग आणि नजर

जर्मन भाषेत ‘लोला रेन्ट’ म्हणजे ‘लोला धावते’. टॉम टिकव्हर दिग्दर्शित १९९८ सालच्या या चित्रपटाचे कथानक एका दमात सांगून होते. मान्नी हा बर्लिनमधला एक किरकोळ गुन्हेगार. टोळीच्या म्होरक्याला पोचवायचे एक लाख मार्क तो भुयारी रेल्वेच्या डब्यात विसरतो आणि ते एका बेघर माणसाच्या हाती लागतात. म्होरक्या बाराच्या ठोक्याला येणार आहे. अकरा चाळीसला मान्नी रस्त्यावरच्या पिवळ्या टेलिफोन बूथमधून आपल्या मैत्रिणीला, लोलाला, फोन करतो. वीस मिनिटांत पैसे आले नाहीत तर समोरचे सुपरमार्केट लुटण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. लोला घराबाहेर पडते आणि धावत सुटते. पहिल्या फेरीत ती गोळी लागून मरते. चित्रपट पुन्हा अकरा चाळीसवर येतो. दुसऱ्या फेरीत मान्नी रुग्णवाहिकेखाली सापडतो. पुन्हा अकरा चाळीस. तिसऱ्या फेरीत दोघेही वाचतात आणि वर पैशांची पिशवी उरते.

हा चित्रपट गाजला तो त्याच्या वेगासाठी. १९९९ साली सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. समीक्षकांनी त्याची तुलना संगीतवाहिन्यांवरच्या व्हिडिओंशी आणि संगणकावरच्या खेळांशी केली. तुलनेत तथ्य आहे. खेळातल्यासारखेच इथे तीन ‘जीव’ मिळतात आणि हरलो की डाव पहिल्यापासून मांडता येतो. टिकव्हरने जॉनी क्लिमेक आणि राइनहोल्ड हाइल यांच्या साथीने स्वतःच रचलेले टेक्नो संगीत धावण्याला ठोका पुरवते. पण वेगवान चित्रपट पुष्कळ आले आणि विसरलेही गेले. ८१ मिनिटांचा हा चित्रपट पंचवीस वर्षांनंतरही का टिकून आहे, हे केवळ वेगाने समजत नाही. जिना, बँक, काच वाहून नेणारे कामगार अशी तीच ती स्थळे तिन्ही फेऱ्यांतून वेगळी काढून शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर मी ज्या निष्कर्षाला आलो तो असा : या चित्रपटातला वेग हा मुळात नजरेचा प्रश्न आहे. धावणाऱ्याला कोण दिसते, कोण ओझरते दिसते आणि कोण दिसतच नाही, याची वाटणी टिकव्हर आपल्या दृश्यशैलीतून करतो. पहिल्या दोन फेऱ्यांत ही वाटणी फार प्रामाणिक आहे. तिसऱ्या फेरीत सुखान्त साधताना तिचा कस लागतो.

आधी चित्रणाचे माध्यम पाहू. लोला किंवा मान्नी ज्या दृश्यात आहेत ते दृश्य ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर घेतलेले आहे. दोघांपैकी कोणीच नसेल तिथे प्रतिमा व्हिडिओची आहे : सपाट, काहीशी फिकी, कडा विरघळलेली. लोलाचा बाप बँकेतल्या आपल्या खोलीत प्रेयसीशी, युटा हान्सनशी, बोलत असतो तेव्हा त्यांचे जग व्हिडिओचे असते. लोला दार ढकलून आत येते आणि त्याच खोलीतल्या रंगांना वजन येते. भूतकाळ कृष्णधवल आहे. दोन फेऱ्यांच्या मधली अंथरुणातली संभाषणे लाल प्रकाशात बुडालेली आहेत. जिना उतरणारी लोला तर चक्क रेखाटलेली आहे. आई दूरचित्रवाणीसमोर फोनवर बोलत असते, कॅमेरा त्या संचात शिरतो आणि ॲनिमेशनमधली लोला पायऱ्या उतरताना दिसते. जिन्यावर एक पोरगा कुत्रा घेऊन उभा असतो. पहिल्या फेरीत कुत्रा गुरगुरतो, दुसऱ्या फेरीत पोरगा पाय आडवा घालतो, तिसऱ्या फेरीत लोला कुत्र्यावरून उडी मारून जाते. या काही क्षणांच्या फरकातून पुढचे सगळे बदलते.

हे प्रकार केवळ चमत्कृतीसाठी असते तर डोळे दिपून विसरून गेलो असतो. पण त्यांच्यामागे एक सरळ नियम आहे. प्रेमात असलेल्या माणसाला आपले माणूस जितके खरे वाटते तितके बाकीचे जग वाटत नाही, हे टिकव्हर आणि त्याचा छायालेखक फ्रांक ग्रीबे यांनी संवादातून न सांगता प्रतिमेच्या पोतातून सांगितले आहे. व्हिडिओतला बाप हा लोलाच्या दृष्टीने आधीच अर्धा हरवलेला बाप आहे. पहिल्या फेरीत तो तिला तोंडावर सांगतो की तू माझी मुलगी नाहीस. ऐकताना आपल्याला धक्का बसतो खरा, पण हा माणूस दुरावलेला आहे हे डोळ्यांना आधीच कळून चुकलेले असते.

मग वाटेत भेटणाऱ्या लोकांचे काय? या प्रश्नाला चित्रपटाने दिलेले उत्तर म्हणजे त्यातली सर्वांत मौलिक युक्ती. लोला ज्यांना धक्का देते किंवा ज्यांच्या शेजारून जाते अशा काही जणांचे पुढचे आयुष्य स्थिर छायाचित्रांच्या मालिकेतून झरझर उलगडते. बाबागाडी ढकलणारी बाई पहिल्या फेरीत स्वतःचे मूल गमावते आणि दुसऱ्याचे पळवते. दुसऱ्या फेरीत तिला लॉटरी लागते. तिसऱ्या फेरीत ती धर्माच्या वाटेला लागते. सायकलवाला तरुण एकदा मार खाऊन इस्पितळात जातो आणि तिथल्या मुलीशी लग्न करतो. दुसऱ्यांदा तो व्यसनापायी रस्त्यावर येतो. बँकेतली कर्मचारी बाई एका फेरीत अपघातात अपंग होऊन जीव देते, दुसऱ्या फेरीत सहकाऱ्याच्या प्रेमात पडते. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा खटका वाजत जातो आणि अख्खे आयुष्य काही क्षणांत आटोपते.

या छायाचित्रांना मी सुरुवातीला गंमत समजत होतो. शेजारी ठेवून पाहिल्यावर त्यांतली शिस्त लक्षात आली. चलत्चित्र मिळते ते लोला आणि मान्नीला. इतरांच्या वाट्याला स्थिरचित्रे येतात. त्यांना काळ मिळतो, पण हालचाल मिळत नाही. नायिकेच्या वीस मिनिटांना एक पूर्ण फेरी आणि त्या बाईच्या उभ्या जन्माला डोळ्यांची उघडझाप, हे प्रमाण निष्ठुर आहे. तरीही चित्रपट त्या माणसांना पूर्ण वगळत नाही, हे महत्त्वाचे. नायकाच्या पाठलागात भाजीच्या गाड्या उलटवून पुढे जाणारे चित्रपट आपण शेकड्यांनी पाहिले आहेत. त्या गाडीवाल्याचे पुढे काय झाले, हे तिथे कोणी विचारत नाही. टिकव्हर विचारतो. उत्तर ऐकायला त्याच्याकडे वेळ नाही, पण प्रश्न पडतो एवढे तरी तो नोंदवतो.

कथनातली दुसरी खुबी म्हणजे पुनरावृत्तीची काटकसर. पहिल्या फेरीत प्रत्येक स्थळ आपल्याला ओळखीचे करून दिले जाते. पुढच्या फेऱ्यांत नुसती खूण पुरते, बाकीचे आपली स्मरणशक्ती भरून काढते. आपल्याकडच्या श्रोत्याला हे लवकर उमगेल. ख्यालगायक एकच मुखडा घेऊन पुन्हा पुन्हा समेवर येतो, तेव्हा आपण मुखडा ऐकत नसतो, तर त्याच्या आधी काय वेगळे घडले ते ऐकत असतो. लोला हवेत भिरकावते तो लाल टेलिफोनचा रिसीव्हर जागेवर येऊन पडतो ती या चित्रपटाची सम आहे. संकलक माटिल्ड बोनफ्वा हिने प्रत्येक आवर्तन तिथून सुरू केले आहे. शिवाय या आवर्तनांत स्मृती झिरपते. पहिल्या फेरीत मान्नी लोलाला पिस्तुलाचा खटका कसा सोडायचा ते सांगतो. दुसऱ्या फेरीत कोणी न शिकवता तिला ते येते. संगणकाच्या खेळात शिकतो तो खेळणारा, पडद्यावरची बाहुली शिकत नाही. इथे पात्रच शिकते, आणि खेळाची उपमा इथे अपुरी पडते.

ज्याला आपण वेग म्हणतो तो इथे संथपणाच्या आधाराने उभा आहे, हेही नोंदवायला हवे. पहिल्या फेरीत सुपरमार्केट लुटून दोघे पळतात तेव्हा टेक्नोचा ठोका थांबतो आणि डायना वॉशिंग्टनच्या आवाजातले जुने, निवांत गाणे सुरू होते. पळणारी माणसे हळू होतात आणि त्याच सुखाच्या क्षणी पोलीस त्यांना गाठतात. बाराला काही क्षण उरले असताना पडदा विभागला जातो. एका भागात लोला, एका भागात मान्नी, खाली घड्याळाचा काटा. दोघे एका चौकटीत येण्यासाठी धडपडत आहेत आणि त्यांच्यामध्ये फक्त एक रेघ आहे.

घड्याळ आणि शहर यांचे हे नाते जर्मन चित्रपटाला नवे नाही. वाल्टर रुटमानने १९२७ साली ‘बर्लिन : महानगराची सिंफनी’ या मूकपटात शहराचा एक दिवस लयीत कापून दाखवला होता. त्यात कोणी नायक नव्हता, शहरच नायक होते. टिकव्हरचे बर्लिन मात्र एका मुलीच्या पायांनी शिवलेले आहे. नकाशा घेऊन तिचा मार्ग शोधू गेलात तर तो जुळत नाही. एका वळणावर ती शहराच्या एका भागात असते, पुढच्या वळणावर भलत्याच भागात. ज्या ओबरबाउम पुलाजवळून ती धावते तो क्रॉइत्सबेर्ग आणि फ्रीडरिखस्हाइन या विभागांना जोडतो. १९८९पर्यंत तिथे पूर्व आणि पश्चिम बर्लिनची हद्द होती, आणि दुरुस्तीनंतर १९९४ साली तो पुन्हा खुला झाला. भिंतीचा एकही उल्लेख न करता हा चित्रपट तुटलेले शहर संकलनाच्या मेजावर सांधतो.

तीन शक्यतांच्या रचनेचा थेट पूर्वज मात्र पोलंडमधला आहे. क्षिश्तोफ किश्लोव्हस्कीचा ‘ब्लाइंड चान्स’ १९८१ साली तयार झाला आणि राजकीय अडवणुकीमुळे १९८७ साली प्रदर्शित झाला. त्यातला विटेक सुटणाऱ्या गाडीमागे धावतो. गाडी मिळाली तर तो पक्षाचा कार्यकर्ता होतो, अडवला गेला तर सरकारविरोधी चळवळीत जातो, नुसतीच चुकली तर डॉक्टर होऊन राजकारणापासून लांब राहतो. त्या तिसऱ्या आणि वरवर सुखी आयुष्यातच त्याचे विमान आकाशात फुटते. टिकव्हरने पुढे २००२ साली किश्लोव्हस्कीच्याच सहलेखनातून आलेल्या पटकथेवर ‘हेवन’ केला, तेव्हा हे ऋण त्याने उघडच मान्य केले म्हणायचे. पण रचना घेताना त्याने शेवट उलटवला. किश्लोव्हस्कीची तिसरी शक्यता मरणाकडे जाते, टिकव्हरची सुखाकडे.

आणि माझी खरी अडचण इथे सुरू होते. तिसऱ्या फेरीत लोला पोचण्याआधीच बाप आपल्या सहकाऱ्याच्या गाडीत बसून निघून जातो. लोला डोळे मिटून धावते, थांबते, कॅसिनोत शिरते. शंभर मार्कांची सोंगटी वीस या आकड्यावर लावते, जिंकते, पुन्हा त्याच आकड्यावर लावते आणि काचा फुटतील अशी किंकाळी फोडते. मग रुग्णवाहिकेत चढून ती मरणासन्न पहारेकऱ्याचा हात धरते आणि त्याच्या हृदयाचा ठोका स्थिरावतो. आख्ख्या चित्रपटात तिने अनोळखी माणसाला दिलेला हा पहिला निवांत क्षण. धावणारी नजर अखेर एका माणसावर टेकते, म्हणून हे दृश्य मला चित्रपटाचा गाभा वाटते.

पण याच फेरीत दुसरीकडे मान्नी पैसे घेऊन चाललेल्या बेघर माणसाचा पाठलाग करतो. त्या गोंधळात ज्या गाडीत लोलाचा बाप आहे ती समोरून येणाऱ्या गाडीवर आदळते आणि आतली माणसे निपचित पडलेली दिसतात. बेघर माणसाकडून पिशवी परत घेऊन मान्नी त्याच्या हाती पिस्तूल ठेवतो. बाबागाडीवालीच्या लॉटरीला छायाचित्रे मिळाली. या मोडलेल्या गाडीला आणि पिस्तूल घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ‘पुढे काय’ची मालिका मिळत नाही. दोन प्रेमिकांचा आनंद पूर्ण व्हावा म्हणून चित्रपटाने इथे नजर वळवली आहे, असे मला वाटते.

या चित्रपटाची अधिकृत हिंदी आवृत्ती, आकाश भाटिया दिग्दर्शित ‘लूप लपेटा’, २०२२ साली आली. तिच्यात नायिका सवी आणि नायक सत्या आहे, म्हणजे सावित्री-सत्यवानाची कथा उघडपणे जोडली आहे. आवृत्ती दोन तासांहून लांब आहे आणि विनोदात रमते, पण तिने सुचवलेली तुलना मोलाची आहे. सावित्री धावत नाही. यमाच्या मागून ती चालते आणि बोलते. पतीचे प्राण परत मिळवण्याआधी ती सासऱ्याची दृष्टी आणि राज्य मागते, पित्याला पुत्र मागते. तिच्या विजयात इतरांचा वाटा आधीच बाजूला काढलेला असतो. लोलाजवळ वीस मिनिटेच आहेत आणि मागायला समोर कोणी देव नाही, हा फरक मान्य करूनही ही तुलना मनातून जात नाही.

म्हणूनच ‘लोला रेन्ट’ला नशिबाचा चित्रपट म्हणून बाजूला ठेवणे मला अपुरे वाटते. एकाचे प्राण वाचवण्याच्या घाईत बाकीच्यांकडे किती पाहावे, हा त्याचा विषय आहे. दोन फेऱ्या त्याने तो घाईतही जपला, तिसऱ्या फेरीत अंशतः सोडला. शेवटी मान्नी लोलाला विचारतो, पिशवीत काय आहे. ती उत्तर देण्याआधी चित्रपट थांबतो. पिशवीत काय आहे ते मान्नीला माहीत नाही. रस्त्यावर बापाचे काय झाले ते लोलाला माहीत नाही. दोन्ही गोष्टी माहीत असलेले आपण तेवढे उरतो, आणि पडदा अंधारल्यावर हिशेब आपल्याकडे राहतो.