वियोग, निसर्ग आणि माध्यम : इंदिरा संत व बार्बरा हेपवर्थ

कलावंताच्या आयुष्यातील वियोगाची घटना ज्ञात झाली की त्याच्या कलाकृतीचा अर्थही हाती आला, असे मानण्याची सवय मराठी समीक्षेत आणि त्याहूनही अधिक महाविद्यालयीन अध्यापनात रूढ झालेली आहे. इंदिरा संत (१९१४-२०००) यांच्या कवितेला या सवयीची झळ विशेष बसली. १९४६ मध्ये त्यांचे पती ना. मा. संत यांचे निधन झाले. ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७) हे संग्रह त्यानंतरचे. परिणामी त्यांच्या कवितेतील पाऊस म्हणजे अश्रू आणि संध्याकाळ म्हणजे वैधव्य, असे समीकरण वर्गात सहज मांडले जाते. त्यात कवितेचे कवितापणच हरवते.

‘नको नको रे पावसा’ ही कविता या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गळके घर, अपुरी भांडी, दारातील वेल, अंगावरचे जुने लुगडे यांची काळजी वाहणारी स्त्री येथे पावसाला एखाद्या दांडगट पोराप्रमाणे दटावते. पुढे मात्र ती त्याच पावसाला कामाला लावते. वाटेला लागलेल्या सख्याला त्याने माघारी आणावे, मग त्याने कितीही धुमाकूळ घालावा! हा सखा जिवंत आहे, वाटेवर आहे. वीज कडाडली तर तो परतू शकतो. मृत्यूचा संदर्भ येथे लादल्यास त्या लाडिक सौद्यातील सारी गंमत आणि तीतून डोकावणारी आर्तता दोन्ही नाहीशी होतात. पाऊस येथे दुःखाचे प्रतीक म्हणून येत नाही. ज्याच्याशी भांडता येते, ज्याला गळ घालता येते, असा तो घरोब्याचा आहे.

ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थ (१९०३-१९७५) यांच्या बाबतीतही असाच मोह संभवतो. १९३९ पासून त्या कॉर्नवॉलच्या सागरकिनारी राहत होत्या. १९५३ मध्ये त्यांचा हवाई दलातील पुत्र पॉल थायलंडमध्ये विमान अपघातात मृत्युमुखी पडला. त्यांच्या शिल्पांतील आरपार पोकळी पाहून तिचा संबंध या शोकाशी जोडावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पाषाणाला छेद देऊन अवकाश मोकळा करण्याचा प्रयोग त्यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभीच केला होता. रूप आधी सिद्ध होते. शोक नंतर आला.

त्यांची पुढील दोन शिल्पे शेजारी ठेवली की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. पुत्राच्या स्मरणार्थ त्यांनी सेंट आइव्ह्जच्या चर्चसाठी घडविलेले ‘मॅडोना अँड चाइल्ड’ (१९५४) हे माता व बालकाचे सरळ आकृतिप्रधान शिल्प आहे. त्याची व्यथा खरी आहे, पण ख्रिस्ती परंपरेने सिद्ध करून ठेवलेल्या आकृतीत ती विसावते. त्याच वर्षी ग्रीसचा प्रवास करून परतल्यावर त्यांना नायजेरियातील ग्वारिया वृक्षाचे प्रचंड ओंडके मिळाले. त्यांतून साकारलेल्या ‘कोरिंथॉस’ (१९५४-५५) मध्ये मनुष्याकृती नाही. बाहेरून तपकिरी, घोटलेले लाकूड. आत कोरत नेलेली, पांढऱ्या रंगाची गुहा. शोकाचा निर्देश कोठेही नसताना हे शिल्प स्मारकाहून अधिक अस्वस्थ करते. कारण येथे कलावंताची झुंज दुःखाशी नसून लाकडाशी आहे, आणि त्या झुंजीत प्रेक्षकही ओढला जातो.

अर्थात ही तुलना फार ताणता येत नाही. लाकडाला स्वतःचे वजन आणि रेषा असतात. शब्दाला आधीच्या बोलणाऱ्यांचा स्वर असतो. इंदिराबाईंच्या कवितेत तो स्वर कोठून आला याचा शोध मृत्यूच्या तारखेपेक्षा त्यांच्या ‘मालनगाथा’त घेणे अधिक फलदायी ठरावे. तेथे त्यांनी स्त्रियांच्या ओव्या संकलित करून त्यांचे विवेचन केले आहे. जात्यावर बसलेली बाई देवाशी, वाऱ्याशी, पावसाशी नात्यातल्या माणसासारखी बोलते, रुसते, प्रसंगी त्यांना फटकारतेही.