अर्धवट शहाण्याचं अस्सल चित्र

डीव्हीडब्ल्यूए. पूर्ण नाव ‘डॅम व्हल्नरेबल वेब ॲप्लिकेशन’, म्हणजे नावातच थोडी शिवी आहे. रायन ड्यूहर्स्ट यांनी २००८च्या अखेरीस ही पीएचपीमधली छोटी वेबसाइट लिहायला घेतली, आता रॉबिन वूड तिची निगा राखतात. ती फोडली जावी म्हणूनच बांधलेली आहे. वेब सुरक्षेची चाचणी शिकणारी मुलं तिच्यावर हात साफ करतात आणि पुढच्या साधनाकडे वळतात. मला मात्र ती फोडण्याइतकीच वाचायलाही आवडते.

मुद्दाम खोटं पेरून माणसाची पारख करायची ही रीत हिंगोली जिल्ह्याला परकी वाटू नये. औंढा नागनाथजवळ जी लायगो वेधशाळा होणार आहे, तिच्या अमेरिकेतल्या थोरल्या भावंडांत १६ सप्टेंबर २०१० रोजी एक बनावट गुरुत्वीय लहर गुपचूप पेरली होती. शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने तिचा अभ्यास केला, शोधनिबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११मध्ये खरं-खोटं सांगणारा बंद लखोटा उघडला तेव्हा ती लहर खोटी असल्याचं कळलं. सराव असाच करायचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

डीव्हीडब्ल्यूएची रचना साधी आहे. प्रत्येक दोषाचं एक पान आणि प्रत्येक पानाच्या चार पातळ्या: लो, मीडियम, हाय, इम्पॉसिबल. खाली ‘व्ह्यू सोर्स’ असं बटण. ते दाबलं की त्या पातळीचा कोड समोर येतो. एकच प्रसंग चार माणसांनी चार तऱ्हांनी हाताळलेला पाहायला मिळतो, आणि सगळा रस तिथेच आहे.

लो पातळीवरचा माणूस निव्वळ भोळा. एसक्यूएल इंजेक्शनच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात (क्वेरीत) परका मजकूर घुसवण्याच्या, पानावर वापरकर्त्याचा क्रमांक विचारतात. जे टाइप होईल ते हा गडी दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये चिकटवून थेट डेटाबेसकडे धाडतो. एका क्रमांकाऐवजी १' ऑर '१'='१ असं लिहिलं की पाचही वापरकर्ते ओळीने हजर. (आडनावात अवतरणचिन्ह लावणाऱ्या वसई-गोव्याकडच्या एखाद्या डिसोझांचा अर्ज वेबसाइटवर अडला, तर त्यामागेही बहुतेक हीच ढिलाई असते.) ते पाचजण पाहण्यासारखे आहेत: ॲडमिन, गॉर्डन ब्राउन, हॅक मी, पाब्लो पिकासो आणि बॉब स्मिथ. डीव्हीडब्ल्यूएचं लेखन सुरू झालं तेव्हा गॉर्डन ब्राउन हे ब्रिटनचे पंतप्रधान होते.

पुढे जाऊन पासवर्डचा रकाना काढला तर एमडी५ हॅशच्या अगम्य अक्षरमाळा दिसतात. घाईघाईने पुढे जाऊ नका. ॲडमिन आणि बॉब स्मिथ यांच्या माळा तंतोतंत सारख्या आहेत, कारण दोघांचाही पासवर्ड ‘पासवर्ड’ हाच आहे. पासवर्ड साठवताना प्रत्येकात वेगळा ‘सॉल्ट’ (वाटेल तो जादा मजकूर) का मिसळावा, हे एका तक्त्याच्या दोन ओळींत, एक शब्दही न बोलता सांगितलंय. उत्तम कथाकार असंच लिहितो.

पण या कृतीचा खरा नायक मीडियमचा माणूस. याने कुठेतरी काहीतरी वाचलंय. टाइप करायची चौकट काढून त्याने एक ते पाच आकड्यांची निवडयादी ठेवली. शिवाय अवतरणचिन्हं निष्प्रभ करणारं फंक्शनही बसवलं. आता कोण येतंय आत? आणि नेमक्या त्याच उत्साहात त्याने क्वेरीतल्या क्रमांकाभोवतीची अवतरणचिन्हं काढून टाकली! म्हणजे ज्या चिन्हासाठी नाकाबंदी केली, त्या चिन्हाची आत शिरायला गरजच उरली नाही. ब्राउझरच्याच साधनांनी यादीतला आकडा बदलून १ ऑर १=१ करा, पाचही वापरकर्ते पुन्हा हजर. निवडयादी दाखवली म्हणून समोरचा त्यातूनच निवडेल, हा त्याचा विश्वास मला फार ओळखीचा वाटतो. असा कोड आपल्या आसपासच्या कचेऱ्यांत रोज लिहिला जातो, आणि लिहिणारी माणसं आळशी नसतात.

हायचा माणूस आणखी सावध, म्हणून त्याची चूक आणखी बारीक. कमांड इंजेक्शनच्या, म्हणजे सर्व्हरला चोरून आज्ञा देण्याच्या, पानावर आयपी पत्ता द्यायचा, सर्व्हर त्याला पिंग करतो. या माणसाने घातक चिन्हांची लांबलचक यादी करून एकेक पुसायची व्यवस्था केली आहे. पण यादीत उभ्या रेघेपुढे चुकून एक मोकळी जागा राहिली. मग उभी रेघ आणि मोकळी जागा असं जोडीने आलं तरच पुसलं जातं. रेघेला चिकटून पुढची आज्ञा लिहिली की ती बिनबोभाट चालते. एका स्पेसचा प्रश्न! डोळ्यांना न दिसणारी चूक वाचकाच्या पुढ्यात इतकी उघडी ठेवायची, याला धीटपणा लागतो.

इम्पॉसिबलचा माणूस याद्याच करत नाही. आलेला पत्ता तो टिंबांवर तोडतो, बरोबर चार तुकडे आणि चारही आकडेच आहेत का ते पाहतो, आणि तेच परत जोडून पुढे पाठवतो. काय नको हे मोजत बसण्यापेक्षा काय हवं हे एकदा ठरवणं, एवढंच. एसक्यूएलच्या पानावर तो क्वेरी आधी तयार करून घेतो आणि क्रमांक वेगळा बांधतो. आलेला मजकूर आज्ञा म्हणून वाचलाच जात नाही. हा कोड निर्दोष म्हणवत नाही. ९९९ हा आकडाही त्याला चालतो, आणि डोमेनचं नाव दिलं तर तो सरळ नाकारतो. वाचायलाही तो जरा रुक्षच. १.९ आवृत्तीच्या आधी याच पातळीला ‘हाय’ म्हणत. नंतर तिच्या खाली ही नवी, जवळजवळ बरोबर असलेली हाय पातळी बसवली गेली. माझ्या मते संपूर्ण कृतीतला हा सर्वांत शहाणा फेरफार.

ओवास्प या वेब सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचं ‘ज्यूस शॉप’ हे असंच सरावाचं ॲप जास्त देखणं आहे, आधुनिक आहे, त्यात गुणफलकसुद्धा लपवलेला असतो आणि तो आधी शोधावा लागतो. खेळ म्हणून ते सरस. पण दोष आणि त्याचा उपाय एकाच पानाच्या चार पातळ्यांवर ठेवून दाखवण्यात डीव्हीडब्ल्यूएला मी वरचा क्रम देईन.

कळमनुरी, सेनगाव किंवा वसमतच्या विद्यार्थ्याला यासाठी पुण्याला जावं लागत नाही. एक्सॅम्प किंवा डॉकर असलेला साधा लॅपटॉप पुरतो. एकदा उतरवून बसवलं की नेट गेलं तरी अडत नाही. हळदीचे भाव दाखवणारी एखादी साइट किंवा गावच्या पतसंस्थेचं पान सहज फुटेल असं वाटलं तरी तिकडे हात घालू नका. परवानगीशिवाय केलेला असला प्रकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि डीव्हीडब्ल्यूए इंटरनेटला उघड्या सर्व्हरवर कधीही ठेवू नका, तिच्या माहितीपत्रकातच तसं बजावलेलं आहे. लॉगिन ‘ॲडमिन’, पासवर्ड ‘पासवर्ड’. सुरुवात मीडियमपासून करा आणि फोडण्याआधी सोर्स वाचा.