ज्ञानेश्वरीतील क्रियाविशेषणे आणि आजचा वाचक : अर्थनिश्चितीचा प्रश्न

प्रस्तावना :
शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचे पारायण आजही घरोघर होते. पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीकडे येणाऱ्या दिंड्यांमुळे नाशिक परिसराचे या ग्रंथाशी विशेष जिव्हाळ्याचे नाते आहे. तथापि पठण आणि आकलन यांत अंतर राहते. अवघड नामाचा अर्थ वाचक शोधतो. क्रियाविशेषण मात्र 'लहान शब्द' म्हणून सहज ओलांडले जाते.

विवेचन :
झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये मांडलेल्या एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत साधित क्रियाविशेषणाच्या अंती 'ए' हा प्रत्यय येतो. 'रापिदे' म्हणजे वेगाने. 'माल' हा विरुद्धार्थी उपसर्ग लागून 'मालरापिदे' म्हणजे सावकाश. अपरिचित शब्द असा घटकशः उलगडतो. 'बाल्दाऊ' (लवकरच) यांसारखे प्रत्ययरहित शब्द मात्र तेथेही पाठच करावे लागतात. जुन्या मराठीत तर अशी एकच एक खूण नाही.

'सावियाचि' हा शब्द आजच्या वाचकास पूर्णतः अनोळखी आहे. म्हणूनच तो थांबतो, कोश पाहतो आणि 'सहजच' हा अर्थ त्यास मिळतो. येथे अपरिचितपणाच त्यास सावध करतो.

'येऱ्हवीं'ची गोष्ट निराळी. 'येर' म्हणजे इतर. आजचे 'एरवी' मुख्यतः 'इतर वेळी' असा काळ सुचविते. ग्रंथात मात्र 'नाहीतर' वा 'वस्तुतः' हा अर्थ अनेकदा अभिप्रेत असतो. 'आत्मा वस्तुतः अकर्ता आहे' या आशयाच्या विधानात कालवाचक अर्थ घेतल्यास आत्मा इतर वेळी अकर्ता आणि प्रसंगी कर्ता ठरेल! सिद्धान्तच उलटतो.

'उगा' हा शब्द त्याहून फसवा आहे. आजचे 'उगाच' म्हणजे विनाकारण. जुने 'उगा राहणे' म्हणजे शांत, निश्चल राहणे. आजचा अर्थ लावल्यास साधकाचे मौन निरर्थक भासेल. विशेष म्हणजे जुना अर्थ नष्ट झालेला नाही. रडणाऱ्या मुलास थोपटताना 'उगी उगी' म्हणणाऱ्या आईच्या मुखी तो आजही नांदतो.

निष्कर्ष :
अर्थनिश्चितीत अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा वाटणारा शब्द अधिक धोकादायक ठरतो. तुळपुळे व फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) अभ्यासकांस उपयुक्त असला, तरी त्यातील अर्थ इंग्रजीत आहेत. सामान्य वाचकाची भिस्त पारायणाच्या प्रतीवरच असते. म्हणून अशा प्रतींच्या टीपांत कठीण शब्दांबरोबरच अर्थ बदललेल्या सोप्या शब्दांनाही स्थान मिळणे आवश्यक आहे.