प्रक्षेप्याच्या गतीचा प्रारंभिक पाठ : वेरूळच्या धबधब्यापाशी

वेरूळला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सहली बहुधा १६ क्रमांकाच्या कैलास लेण्यापाशीच रेंगाळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाने मात्र पावसाळ्यात त्यांस २९ क्रमांकाच्या लेण्याजवळील धबधब्यासमोर उभे करावे. गतीच्या दोन दिशा परस्परांपासून स्वतंत्र असतात, या प्रारंभिक पाठाचे सामर्थ्य व त्याची मर्यादा तेथे एकत्रच पाहावयास मिळतात.

कड्यावरून सुटलेले पाणी पुढे झेपावून पडते. त्यास पुढे कोणते बल नेते, असे विचारल्यास नवखा विद्यार्थी ‘प्रवाहाचे’ असे उत्तर देतो. वस्तुतः कडा सुटताच पुढे ढकलणारे काही उरत नाही; उरतो तो आधी मिळालेला वेग. बल एकच, वजनाचे, आणि तेही खाली. कडा २० मीटर उंच धरला तर तळ गाठण्यास सुमारे २ सेकंद लागतात. सुटतानाचा आडवा वेग सेकंदास १ मीटर असो की पुरात ३ मीटर, काळ तोच. पाणी मात्र २ मीटरांऐवजी ६ मीटर दूर पडते. प्रचलित अध्यापनात हे गणित आधी येते व बलाची आकृती मागाहून, कित्येकदा येतच नाही. परिणामी उदाहरणे अचूक सोडविणाऱ्याच्या मनातही ते काल्पनिक बल सुखाने नांदत राहते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. दिशांचे हे स्वातंत्र्य सार्वत्रिक नियम म्हणून सांगितले जाते. बलाचे घटक केव्हाही पाडता येतात. पण एका दिशेची गती दुसरीपासून अलिप्त राहील की नाही, हे बलाच्या स्वरूपावर अवलंबून असते. वजन वेगावर अवलंबून नसते. हवेचा रोध असतो. मोठ्या थेंबांवर तो जवळजवळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या वेगात आडवी व उभी दोन्ही गती सामावलेल्या असतात. म्हणून जोराने पुढे फेकल्या गेलेल्या थेंबास खाली येतानाही अधिक रोध होतो व तो किंचित उशिरा पोहोचतो. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात प्रक्षेप्याचा मार्ग अन्वस्त ठरविताना हवेच्या अडथळ्याची शंका संवादातील पात्रांकडूनच उपस्थित करविली होती. वर्गात तिच्या जागी ‘हवेचा रोध नगण्य मानल्यास’ एवढे चार शब्द उरले आहेत, आणि तेही घाईने उच्चारले जातात.

प्रारंभीच वर्गाचे समीकरण मांडावे, असा याचा अर्थ नव्हे. ती अट कशासाठी घातली, हे धबधब्याच्या तळाशी वाऱ्यासरशी बाजूला उडणाऱ्या तुषारांकडे बोट दाखवूनही सांगता येते.