वाघनखं खरी का, एवढंच विचारून भागत नाही

कोरीगड आणि घनगडाच्या या मुलखात खंडेनवमीला अनेक घरांतून एखादी तलवार, एखादी कट्यार पुजेला बाहेर येते. शस्त्र पुजायचं कसं ते आपल्याला ठाऊक आहे. बघायचं कसं, यावर आज थोडं बोलू.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्याला आली. ग्रँट डफच्या घराण्याकडून ती तिकडे गेलेली. ती १६५९ साली प्रतापगडाखाली वापरलेलीच आहेत, असं खात्रीनं सांगता येत नाही, हे खुद्द ते संग्रहालयच म्हणतं. मग आपल्याकडे वाद पेटला: खरी की खोटी? प्रश्न रास्तच आहे, पण चर्चा तिथेच अडकली. ती घडवली कशी, मुठीत बसतात कशी, कोणत्या हातांनी केली, हे फारसं कुणी विचारलं नाही. आमचा आक्षेप आहे तो इथे.

मलय आणि जावा मुलखातली क्रिस बघा. पातं सरळ नाहीतर नागमोडी. वळणं मोजायची तर विषम. वेगवेगळ्या लोखंडाचे थर ठोकून पात्यावर जी नक्षी उमटते, तिला ‘पामोर’ म्हणतात. तिथला जाणकार आधी ती नक्षी वाचतो, मालक कोण ते नंतर. युनेस्कोनं २००५ साली इंडोनेशियाच्या क्रिसचा गौरव केला, तो या सगळ्या परंपरेचा.

आता आपली कट्यार घ्या. दोन उभ्या पट्ट्या, मधे आडव्या दांड्या. मूठ वळली की मनगटाचा सगळा जोर सरळ टोकात उतरतो. अनेक कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्या फोडायला. काहींची पाती तर फिरंगी, म्हणजे युरोपातून आलेल्या तलवारी कापून बसवलेली! एका हत्यारात लोहाराची अक्कल, बंदरावरचा व्यापार आणि लढायची रीत, तिन्ही सापडतात. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाल तेव्हा या नजरेनं बघा.

आणि घरी? दसऱ्याच्या आधी आपण पॉलिश पेपर घेऊन पातं चकाचक करतो. पोलादातला जौहर त्यानं झाकोळतो; मुठीवर कोफ्तगिरीचं सोनं असेल, तर ते कायमचं उडतं. जावातही वर्षातून एकदा क्रिस धुतात, पण लिंबाचा रस आणि सोमल वापरून, जाणत्या हातानं, नक्षी उठून दिसावी म्हणून. त्यांच्या धुण्यानं कारागिरी दिसते, आपल्या घासण्यानं ती पुसली जाते.

शिकलगार आणि लोहार यांची नावं इतिहासात आली नाहीत. त्यांची सही म्हणाल तर ती या पात्यावरच आहे. तेव्हा यंदा कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, तेलाचा हलका हात द्या, आणि पुजेआधी पाच मिनिटं नुसतं बघा. एवढंच सांगायचं होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.