बालसाहित्यप्रकार आणि प्राथमिक शाळेतील अध्यापन

सुमारे सहा ते अकरा वर्षे वयाच्या मुलांच्या वर्गात बडबडगीते, कोडी, लोककथा, बोधकथा, कविता, नाट्य, चित्रपुस्तके, चरित्रे व माहितीपर पुस्तके यांचा भाषाशिक्षणासाठी आणि वाङ्मयीन आस्वादासाठी केला जाणारा उपयोग. हे दोन हेतू परस्परपूरक मानले जातात. प्रत्यक्षात पहिला हेतू दुसऱ्याला गिळून टाकतो, असेच बहुधा दिसून येते. कविता असो, नाट्यप्रवेश असो वा मुंगीविषयीची माहिती असो, क्रमिक पुस्तकात येताच तिचा ‘पाठ’ होतो. शब्दार्थ, एका वाक्यात उत्तरे, गाळलेल्या जागा आणि शेवटी मिळणारा बोध हा एकच साचा सर्वांना लावला जातो. साहित्यप्रकार निराळा, म्हणजे तो वाचण्याची रीतही निराळी, ही साधी गोष्ट त्यात हरवते. ज्या घरात पुस्तके असतात तेथील मुलाची ही हानी घरीच भरून निघते. ज्याच्या घरी क्रमिक पुस्तकाखेरीज वाचण्यासारखे काही नाही, त्याची वाङ्मयाशी पहिली आणि पुष्कळदा एकमेव भेट वर्गातच होते.

मराठीत या साच्याला जुना इतिहास आहे. मुद्रित मराठी बालवाङ्मयाचा आरंभच मुळी बोधकथेने झाला. तंजावर येथे सरफोजी राजांच्या प्रेरणेने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ईसापच्या कथांचे मराठी भाषांतर झाले. त्यानंतर सदाशिव काशीनाथ छत्रे (१७८८–१८३०) यांचे ईसापनीतीचे भाषांतर व बाळमित्र (१८२८) ही पुस्तके शाळांसाठी सिद्ध झाली. बाळमित्र हे बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींवरून, इंग्रजीच्या द्वारे मराठीत आले. छत्र्यांचे गद्य आजही सरळ व प्रसन्न वाटते आणि त्यांच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि शाळेसाठी पुस्तक, पुस्तकात गोष्ट आणि गोष्टीखाली तात्पर्य, ही सांगड त्या काळी बसली ती पक्की होऊन गेली. वस्तुतः ईसापच्या कथांना जोडलेली तात्पर्ये बहुतांशी नंतरच्या संग्राहकांची आहेत. पंचतंत्राची गोष्ट तर याहून बोलकी आहे. राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी सांगितलेल्या त्या कथांत दुर्बळाने बलवानाला फसविणे, मित्रांत फूट पाडणे, वेळ पाहून पळ काढणे हे सारे विनासंकोच येते. ‘खरे बोलावे’ अशा एका ओळीत त्या मावत नाहीत. शाळेने त्यांतील सोयीच्या तेवढ्या उचलल्या.

लोककथेच्या बाबतीत हा विसंवाद विशेष जाणवतो. महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाणारी उंदराच्या टोपीची गोष्ट घ्यावी. चिंधी सापडलेला उंदीर ती धुऊन घेतो, रंगवून घेतो, शिंप्याकडून तिची टोपी शिवून घेतो आणि टोपी घालून राजाला डिवचतो. राजा टोपी हिसकावतो, तेव्हा उंदीर त्याला भिकारी ठरवितो. राजा ती परत करतो, तेव्हा भित्रा ठरवितो. या गोष्टीचे तात्पर्य काय? उद्धटपणा करावा, असे शिक्षक म्हणू शकत नाही. करू नये असे म्हणावे, तर गोष्ट त्याला साथ देत नाही, कारण उंदीर शेवटपर्यंत जिंकतच राहतो. लहानाने मोठ्याला निरुत्तर केल्याचा जो आनंद सात वर्षांच्या मुलाला होतो, तोच या कथेचा अर्थ होय. बोध विचारला की हा आनंद मावळतो. उलट वाचनाच्या पहिल्या पायरीवर या कथेचा उपयोग फार मोठा आहे. एकेका कारागिराकडे जाताना तीच विनवणी, तोच नकार, तीच धमकी पुन्हा येते. मूल पुढचे वाक्य ओळखते, आणि ओळखलेले वाक्य पानावर शोधणे हेच वाचन शिकणे असते. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीच्या कथेची घडणही अशीच आहे. अशा कथा आधी दोनतीनदा नुसत्या ऐकवाव्यात, मग मुलांनी त्या सांगाव्यात आणि त्यानंतर छापील रूपात त्यांच्या हाती द्याव्यात. हा क्रम उलटविल्यास ओळखीची गोष्टही अनोळखी होऊन बसते.

वर्गातील कथेच्या स्थानाचा मूलगामी विचार गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी केला. १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू करणाऱ्या या शिक्षणचिंतकाचे दिवास्वप्न हे गुजराती पुस्तक शिक्षणविषयक लेखनात अनन्यसाधारण आहे. त्याचा नायक चौथीचा वर्ग एका वर्षापुरता मागून घेतो. पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घ्यावयास जातो आणि सपशेल फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि दंगा करणारा वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. पुढे तो क्रमिक पुस्तकांसाठी आणावयाच्या पैशांतून गोष्टींची निरनिराळी पुस्तके घेऊन वर्गाचे ग्रंथालय उभे करतो. प्रत्येकाजवळ तेच एक पुस्तक असण्यापेक्षा सर्वांमध्ये अनेक पुस्तके असावीत, ही त्यामागची कल्पना साधी आहे. पण चाळीस मुलांनी एकाच वेळी एकच पान उघडावे या शाळेच्या गृहीताला ती मुळापासून हादरविते. पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. गिजुभाईंच्या नायकाला कथा प्रथम लाभते ती वर्ग ताब्यात आणण्याचे साधन म्हणून. शिस्त, शुद्धलेखन, इतिहास यांच्याकडे जाण्याचा तो रस्ता होतो. कथेपाशी नुसते थांबण्याची मुभा तेथेही थोडीच आहे. शिवाय सारी भिस्त एका प्रतिभावान कथेकऱ्यावर आहे. ज्याला गोष्ट सांगता येत नाही अशा सामान्य शिक्षकाने काय करावे, याचे उत्तर दिवास्वप्नात मिळत नाही. चांगले लिहिलेले पुस्तक संथपणे वाचून दाखविणे, हे त्याचे एक उत्तर होय.

कवितेची स्थिती कथेहून बिकट आहे. बडबडगीत व निरर्थिका हे प्रकार नादासाठी आणि अर्थाच्या मोडतोडीसाठी असतात. विंदा करंदीकर (१९१८–२०१०) यांनी राणीची बाग (१९६१), एटू लोकांचा देश (१९६३) इ. संग्रहांतून मराठी बालकवितेला उपदेशाच्या पकडीतून सोडविले. त्यांतील प्राणी काही शिकवीत नाहीत. ते नुसते विक्षिप्त असतात, आणि हा विक्षिप्तपणा कमालीच्या नेटक्या छंदात बसविलेला असतो. अशा कवितेचा गद्य अर्थ लिहावयास सांगणे म्हणजे विनोद समजावून सांगण्यासारखे आहे. ती तोंडाने म्हणावी, टाळ्यांवर म्हणावी, तिच्या चालीवर मुलांनी आपली कडवी रचावीत. यमक जुळविताना मुलाची शब्दांच्या ध्वनींकडे जी बारीक नजर जाते, ती पुढे लेखन-वाचनात उपयोगी पडते. परंतु शिक्षकाने हा लाभ मनात ठेवावा, वर्गात त्याचा उच्चार करू नये.

नाट्याविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, मराठीत मुलांची रंगभूमी समृद्ध आहे. सुधा करमरकर (१९३४–२०१८) यांच्या ‘लिटल थिएटर’ने १९५९ पासून आणि त्यानंतर रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी निम्मा शिम्मा राक्षस यांसारख्या नाटकांनी ती घडविली. मात्र ही नाटके मुलांनी पाहावीत अशी आहेत. वर्गातील नाट्य ही वेगळी गोष्ट आहे. पडदा, वेशभूषा, पाठांतर यांवाचून ऐकलेली गोष्ट तेथल्या तेथे करून पाहणे, हे तिचे स्वरूप. स्नेहसंमेलनासाठी निवडक मुलांना महिनाभर घोकविलेला प्रवेश या सदरात येत नाही.

माहितीपर पुस्तकांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. लुईझ रोझेनब्लॅट (१९०४–२००५) या अमेरिकन विदुषीने वाचनाच्या दोन वृत्ती सांगितल्या : काहीतरी हाती घेऊन बाहेर पडण्यासाठी वाचणे आणि वाचताना जे अनुभवास येते त्यासाठी वाचणे. मुलाने विषारी द्रव प्याल्यावर बाटलीवरील सूचना वाचणारी आई, हे पहिल्या वृत्तीचे तिने दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. आपल्या वर्गात दोन्हींची उलटापालट होते. कविता माहितीसाठी वाचली जाते, आणि माहितीचा पाठ गोष्टीसारखा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एका सुरात वाचून घेतला जातो. माहितीपर पुस्तक प्रश्न घेऊन उघडावयाचे असते. अनुक्रमणिका पाहावयाची, आकृती वाचावयाची, नको ते भाग सोडावयाचे. ही कौशल्ये शिकविल्याखेरीज येत नाहीत. या प्रकाराची उपेक्षा सार्वत्रिक आहे. नेल ड्यूक यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील पहिलीच्या २० वर्गांत माहितीपर मजकुराला दिवसाकाठी सरासरी ३·६ मिनिटे मिळत असल्याचे आढळले. कथा आवडत नाही म्हणून ‘वाचनात मागे’ ठरलेल्या मुलांपैकी काहींना बेडूक, आगगाडी किंवा ग्रहणे यांवरील पुस्तक खिळवून ठेवते, हा अनुभव अनेक शिक्षकांना आहे.

चित्रपुस्तक हा मराठीत तुलनेने नवा प्रकार होय. माधुरी पुरंदरे यांच्या राधाचं घर यांसारख्या पुस्तकांत रोजच्या घरातील साधी माणसे येतात. चित्राचा आणि शब्दांचा येथे सारखाच अधिकार असतो. म्हणून शब्द वाचून झाले म्हणजे पान संपले, असे होत नाही. असे पुस्तक चारपाच मुलांनी जवळ बसूनच पाहिले पाहिजे. यासाठी एकच प्रत पुरते, पण ती कपाटाबाहेर असावी लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीने प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे ठरविले आहे. पुस्तक फाटेल, हरवेल आणि त्याचा जाब द्यावा लागेल या भीतीने ते कुलपात ठेवणारा शिक्षक दोषी कमी आणि हिशेबाच्या पद्धतीचा बळी अधिक असतो. फाटलेल्या पुस्तकाची सहज नोंद करून ते रद्द करण्याची मुभा शाळेला असती, तर अनेक कपाटे उघडली असती.

प्रमाण मराठी ज्यांच्या घरची भाषा नाही अशा मुलांच्या वर्गात हा सारा विचार नव्याने करावा लागतो. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी बोर्डी येथे १९४५ पासून आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात शाळाच मुलांच्या अंगणात व गुरे चरावयाच्या कुरणात नेण्यात आली. साहित्यप्रकारांनाही हेच लागू पडते. वारली मुलाजवळ गोष्टी, गाणी, कोडी यांचा साठा शाळेत येण्यापूर्वीच असतो. नसते ती केवळ त्याची लिखित प्रत. त्याने सांगितलेली गोष्ट शिक्षकाने त्याच्याच शब्दांत फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर उतरवून घेतली, की वर्गाला पहिले वाचनपुस्तक मिळते. त्यातील ‘अशुद्ध’ रूपे त्याच वेळी दुरुस्त करण्याचा मोह मात्र आवरावा लागतो, कारण आपण बोललो तेच कागदावर आहे ही ओळख पटण्यापूर्वीच ती पुसली जाते. प्रमाण रूपे पुढे दुसऱ्यांच्या गोष्टी वाचताना येतातच.