नैवेद्य : दाखवलेला आणि भरवलेला

मराठीत आपण नैवेद्य 'दाखवतो'. क्रियापद मोठे बोलके आहे. पाण्याचे चौकोनी मंडल काढावे, त्यावर ताट ठेवावे, तुळशीपत्र घालून पाणी फिरवावे, की देवाचे जेवण झाले. सोवळ्यात रांधणारी बाई मीठ पडले की नाही हेसुद्धा चाखून पाहत नाही. एवढ्या काटेकोर विधीत देव खरोखरच जेवेल, अशी अपेक्षा मात्र कुणाचीच नसते. ती अपेक्षा धरणारी दोन मुले आपल्या दोन भाषांच्या वाङ्मयात आहेत. सीमाभागातल्या वाचकाला ती शेजारी ठेवून पाहता येतात, हे आपले भाग्यच.

पहिला अर्थात नामदेव. वडील परगावी गेलेले, म्हणून पोर नैवेद्य घेऊन राउळात जाते आणि विठ्ठल जेवत नाही म्हणून हटून बसते. महिपतीने १७६२ साली पुरा केलेल्या 'भक्तविजया'तून आणि कीर्तनांतून ही कथा घरोघर गेली. कीर्तनात ती फुगली. डोके आपटून घेण्याची धमकी हा तिचा हमखास रडवणारा भाग झाला. पण गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची जी ६१ पदे आहेत, त्यांत हाच प्रसंग चार-पाच कडव्यांत उरकला आहे. कपिला गाईचे दूध, वाटी, पाणी आणि 'तू प्यायला नाहीस तर वडील रागावतील' ही भीती. धमकी नाही, आकांत नाही. मला हे पद कीर्तनातल्या कथेपेक्षा सरस वाटते, कारण यातले मूल मुलासारखे बोलते.

दुसरी मुलगी. हंपीचा कवी हरिहर याने कोळूरच्या कोडगूसवर कानडीत रगळे रचले. हरिहर नामदेवांच्या आधीचा. पण कुणी कुणाकडून उचलले, या वादात मला रस नाही. इथेही वडील गावाला गेलेले, इथेही दुधाची वाटी, शिव पीत नाही म्हणून रडणे, आणि मग तो पितो. मात्र वडील परत येतात, दूध तूच प्यायलीस म्हणतात आणि तिला देवळात नेऊन परीक्षा घेतात. त्यांच्यादेखत शिव पीत नाही. बाप मारायला धावतो, पोर लिंगात शिरते, आणि त्याच्या हाती फक्त तिचे केस लागतात. नामदेव घरी येतो, संत होतो. ही मुलगी घरी येत नाही. मुलीच्या शब्दावर घराचा किती विश्वास असतो, हे हरिहराने कसलेही भाष्य न करता सांगितले. आपल्या कीर्तनकारांना हा संयम साधलेला नाही.

अलीकडे अशा कथांवर लिहिताना सात्त्विक, शुद्ध शाकाहारी नैवेद्याचे महत्त्व सांगण्याची रीत पडली आहे. वैष्णव नैवेद्य शाकाहारीच असतो, तो तसाच असावा, याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. माझ्या घरीही तोच असतो. पण या कथांचा तो विषय नव्हे. दूध शुद्ध आहे की नाही, असा प्रश्न दोन्हींपैकी एकाही कथेत कुणी विचारत नाही. त्याच हरिहराने कण्णप्पाचेही रगळे लिहिले आहे. हा व्याध शिवाला मांस आणून देतो, तेही आधी स्वतः चाखून. आणि मांसाला शिवत नाहीत अशा लिंगायत घरांतूनही कण्णप्पा ६३ पुरातनांपैकी एक म्हणून पूज्य आहे. (शबरीची उष्टी बोरे आपल्याला चालतात, ती वाल्मीकीत नाहीत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.) स्वतःचे ताट शाकाहारी ठेवून दुसऱ्याच्या ताटाला नमस्कार करणारी ही घरे टीकाकारांपेक्षा चांगली वाचक आहेत, असे मी म्हणेन.

कोडगूसची कथा आपल्या मराठी मुलांच्या कानावर क्वचितच जाते. वर्गात निम्मी मुले घरी कानडी बोलणारी असतात. त्यांच्या आज्ज्यांना ती ठाऊक असते. नामदेव शिकवायचा त्या दिवशी त्यांनाच विचारून यायला सांगावे.